सर्बियन सिनेमाच्या लेखातला परिच्छेद

बेलग्रेड

चि. राजेश्वर, सोमलिंगदादाचा आशीर्वाद.

वेल्डिंगचं काम नीट चालू आहे. आईचा गुडघा केजच्या दवाखान्यात दाखवलास का?

इंटरनेटवरच्या खुल्या ज्ञानकोशातला 'सर्बियन सिनेमा' हा लेख मी ओळीओळीला संदर्भ देऊन लिहिलाय. त्यात तू परदेशी सिनेमांतल्या सर्ब गुंडांचा परिच्छेद घातलास, तो मी काढला. उद्या परदेशी सिनेमात बीडचा माणूस गावठी कट्टा घेऊन दिसला, तर ते मराठी सिनेमाच्या लेखात घालशील का? त्या गुंडांवर हवा तर वेगळा लेख लिही.

वर तू तो परिच्छेद आईला वाचून दाखवलास. आता ती फोनवर रोज विचारते, "सोमू, तिथं लई मारामाऱ्या हायत का?" तिला सांग, माणसं चांगली आहेत. शिवाय अंधार पडल्यावर मी खोलीबाहेर जातच नाही.

तुझा,
दादा