लान्स एअरींची बाबागाडी

मंगळवार, ५ मार्च

मानवी इतिहासात आज एका नव्या अत्याचाराची नोंद व्हावी. गावच्या हॉलमधला चहाचा चमचा साखळीने नळाला बांधण्यात आला आहे. म्हणजे यापुढे ज्याला साखर ढवळायची आहे त्याने कप घेऊन सिंकपाशी रांगेत उभं राहायचं. राज्यं उलथली ती याहून क्षुल्लक कारणांवरून.

हुकूम लान्स एअरींचा. आमच्या लेथ मंडळाचे, म्हणजे लाकूड कातणाऱ्यांच्या मंडळाचे, अध्यक्ष.

"कैद्याला भेटायची वेळ काय?" मी विचारलं.

"पत्रकात छापा की," ते म्हणाले. "तिथं तुमचा हात कोण धरतोय!"

टोमणा कळला. मंडळाचं पत्रक मी लिहिते, आणि गेल्या महिन्यात त्यांच्या लाडक्या जुगाडाला त्यात 'बाबागाडी' म्हटलं. लाकडी पेन करताना ठोकळ्याला आरपार भोक पाडून पितळी नळी चिकटवली, की दोन्ही टोकं गुण्यात, म्हणजे नळीशी अचूक काटकोनात, आणावी लागतात. नाहीतर धातूची कडी तिरकी टेकते आणि फटीतून उजेड दिसतो. आम्ही बाकीचे चार पात्यांचं कटर हाताने फिरवून टोक तासतो. लान्स मात्र ठोकळा एका गजावर घालतात, गज एका सरकत्या गाडीवर बसवतात आणि ती गाडी सँडरच्या, म्हणजे घासायच्या यंत्राच्या, पॉलिश पेपर लावलेल्या फिरत्या तबकडीकडे ढकलत नेतात. हळूहळू. बाळ जागं होऊ नये अशी. मंडळ खूप हसलं. लान्स सोडून.

गुरुवार, ७ मार्च

थर्झामावशीने कुंपणावरून हाक मारली. शेजारीण. ऐंशी कधीच ओलांडली, आणि बोटांची पेरं आल्याच्या कुड्यांसारखी झालीत. घर आणि मागची डॅमसनची, म्हणजे आंबट जांभळ्या आलुबुखारांची, बाग विकून केंडलच्या वृद्धाश्रमात जायचं ठरलंय. बावीस तारखेला वकिलाकडे सही करायची आहे. पण सहीच होत नाही. पेन बोटांतून निसटतं.

"वकील म्हणतो फुली चालेल. क्रिस्पिन म्हणतो, मार की मावशी फुली, काय बिघडतंय."

क्रिस्पिन हा भाचा.

"फुली मारायला मी मेंढी आहे का? मेंढीवर खूण करतात. जायचं तर नाव लिहून जाईन."

"मग माझ्याकडून काय हवंय?"

"माझ्या झाडाचं पेन. ते नाही निसटायचं."

तर्क म्हणून याला काडीचा अर्थ नाही. मी हो म्हटलं. तिचं एक झाड मागे वादळात पडलं होतं, त्याची फांदी माझ्या शेडमध्ये वाळत पडली आहे.

वळता वळता म्हणाली, "क्रिस्पिन म्हणतो, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही तिनं एकटीनं राहू नये. खोटं नाही गं बोलत तो."

भाचा समंजस आहे. समंजस माणसं मला जेवणाआधी सोसत नाहीत.

शुक्रवार, ८ मार्च

फांदी चिरली. अर्धी आतून तडकलेली. धड ठोकळे तीनच निघाले. पुरेत.

शनिवार, ९ मार्च

दोनच राहिले. पहिल्याला भोक नीट पडलं, नळी बसली, डिंक वाळला. कटर लावून दुसरा वेढा दिला नाही तोच कडेची ढलपी उडाली ती थेट खिडकीवर. डॅमसन म्हणजे जरा डिवचलं की चावणारं लाकूड, आणि माझ्या कटरची पाती बोथट. दोष अर्थातच लाकडाचा.

दुपारभर पाती दगडावर घासली. आता पातं नखावर ठेवलं तर घसरत नाही, म्हणजे धार आली.

रविवार, १० मार्च

दुसरं जमलं! टोकाला कडी लावून खिडकीसमोर धरलं — उजेडाचा धागाही नाही. लेथवर बारीक केलं, बोरूसारखं. पॉलिश चढल्यावर आतून जांभळी झाक आली. फार सुंदर झालंय. लान्सना दाखवायला हवं. मुद्दाम.

मंगळवार, १२ मार्च

पेन घेऊन गेले. तिने हातात धरलं. निसटलं. मी उचलून दिलं. पुन्हा निसटलं. तिसऱ्यांदा तिने ते स्वतःच टेबलावर ठेवलं, आणि सुंदर आहे म्हणाली. त्या सुरात लोक शेजाऱ्याच्या नव्या मोटारीला सुंदर म्हणतात.

गुळगुळीत, गोल, बारीक. आल्याच्या कुड्यांनी ते कशाला धरावं? एवढं साधं मला सुचलं नाही. उजेड बघत बसले होते ना.

मग म्हटलं, निदान लाकूड तरी बघ, आणि उरलेला तिसरा ठोकळा पिशवीतून काढला. भोक पाडून नळी बसवलेला, पण चौकोनी, करवतीतून निघाला तसाच. तिने तो घेतला, एका सपाट बाजूवर अंगठा टेकवला, शेजारच्या बाजूवर दोन बोटं, आणि टेबलावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. पुन्हा केलं.

"हे बसतं," म्हणाली. "ह्याला गोल करू नकोस हां, पोरी."

मी बावन्नची पोरी. नाही करणार म्हटलं.

बुधवार, १३ मार्च

ठोकळा चौकोनी. कटर गोल. हे दुःख आजवर कुणी लिहून ठेवलेलं नाही, कारण आजवर कुणाला झालेलंच नाही.

कटर मधला गोल भाग तासतं, चारी कोपरे मात्र तसेच उभे राहतात — मांजराच्या कानांसारखे. एरवी लेथवर ते आपोआप उडून जातात, त्यामुळे कुणी त्यांचा विचार करत नाही. पण हा ठोकळा लेथवर जायचाच नाही. आणि मावशीची बोटं टेकतात ती नेमकी तिथे, लिहायच्या टोकाजवळ. कान टोचणार.

कान कानशीने घासले. टोक उतरतं झालं. उतार काढायला उलट बाजूने घासलं, तर उतार तिकडे गेला. असंच चालू ठेवलं तर पितळी नळीच आखूड होईल, आणि मग रिफिल आत जाणारच नाही. कायम जीभ बाहेर काढून बसलेलं पेन. माझ्यासारखं.

सगळं टोक एकदम, कोपऱ्यांसकट, गुण्यात आणणारी वस्तू या खोऱ्यात एकच आहे. तिचं नाव मीच ठेवलंय.

गुरुवार, १४ मार्च

नाही. जाणार नाही.

शुक्रवार, १५ मार्च

काचेवर पॉलिश पेपर चिकटवून ठोकळा उभा धरून घासला. ठोकळा डुगडुगतो. गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून पाहिला. उजेड. भरपूर उजेड. आणखी घासायची हिंमत नाही, फांदी संपली आहे.

मावशी अंगणात काठी टेकत फिरत होती. कसं चाललंय विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

शनिवार, १६ मार्च

गेले.

लान्सनी दार उघडलं, माझ्या हातातला ठोकळा पाहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो ईस्टरलाही कधी पाहिला नव्हता.

"बाळाला फिरवायला आणलंत?"

"आणलंय."

"गाडी आवडत नव्हती ना तुम्हाला?"

"नाव मी ठेवलं म्हणजे आवडत नाही असं कुठे आहे? तुमचंही नाव कुणीतरी ठेवलंच ना."

ते हसले नाहीत. पण आत या म्हणाले. ठोकळा उलटापालटा करून माझे कानशीचे प्रताप बघितले. जिभेवर बरंच काही आलं असणार, गिळलं. मग विचारलं, "गोल का नाही केलात?"

मी थर्झामावशीचं सांगितलं. बोटांचं, फुलीचं, भाच्याचं.

लान्सनी ठोकळा टेबलावर ठेवला. मग गुण्या घेऊन गाडी आणि तबकडी यांच्यामधला कोन तपासला. काहीतरी केसभर हललं होतं म्हणे, स्क्रू पिळला. पुन्हा तपासला. मला तर काही हललेलं दिसलं नाही. नळीत डिंकाचा एक थेंब वाळला होता, तो खरवडून काढला, नाहीतर गजावर ठोकळा वाकडा बसला असता. माझ्या पापांतलं हेही एक.

"घ्या. ढकला."

"तुम्हीच करा ना."

"माझ्या हातून झालं तर पत्रकात काय लिहाल कुणास ठाऊक. तुम्हीच ढकला. हळू. बाळ झोपलंय."

ढकललं. हळू. जिभेचं टोक बाहेर आलं होतं हे नंतर लक्षात आलं. एक टोक, मग दुसरं. चारी कान गेले. गुण्या लावला, खिडकीसमोर धरला. काळोख. इतका सुरेख काळोख मी पाहिलेला नाही.

तबकडीवरचा पेपर मात्र नवाकोरा होता, प्रदर्शनाच्या कामासाठी राखलेला. त्यावर माझ्या डिंकाचा आणि पितळेचा काळा पट्टा उमटला. जळक्या लाकडाची भुकटीही त्यात. पेपर वाया गेला.

"राहू द्या," लान्स म्हणाले. "आणि त्या कडांच्या धारा पेपरने जरा मारा, हाताला लागतील. बास. जास्त मारू नका, तुमचा स्वभाव माहितीय मला."

सोमवार, १८ मार्च

पेन जोडलं. चौकोनी, ठेंगणं, बेढब. दुकानात ठेवलं तर कुणी दाराला अडसर म्हणून नेईल.

मावशीने बियाण्यांच्या रिकाम्या पाकिटावर लिहायला घेतलं. थ काढायलाच खूप वेळ लागला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बघितलं असतं तर मदत केली असती, आणि तिने मला हाकललं असतं.

'थर्झा अ‍ॅन फ्लेमिंग.' अक्षरं वादळात सापडलेल्या कुंपणासारखी. पण सगळी उभी.

"नवरा गेल्यापासून अख्खं नाव लिहिलं नव्हतं," म्हणाली. मग म्हणाली, "आणखी कागद आहेत का गं?"

बुधवार, २० मार्च

मावशीच्या स्वयंपाकघरात दिवसभर कागदावर पेनाची खरखर. क्रिस्पिनची मोटार येऊन गेली. जाताना दार जोरात लावलं.

शनिवार, २३ मार्च

काल वकिलाकडे मीच तिला नेलं. सगळा करारनामा तिने बोट ठेवून वाचला, शेवटच्या पानापर्यंत. मग आपलं पेन काढलं आणि सहीच्या जागी लिहिलं, 'विकायचं नाही.' खाली अख्खं नाव. क्रिस्पिन मोटारीत जाऊन बसला.

आज लान्सकडे गेले. ते चहाचं आधण ठेवायला आत गेले तेवढ्यात तबकडीवरचा काळ्या पट्ट्याचा पेपर सोलून काढला, नवा चिकटवला, कडा अंगठ्याने दाबल्या. जुना घडी करून कोटाच्या खिशात घातला.