पाहा: मुळमुळे, अरुंधती

४ जून १९७४
कॅटलॉगचं ट्रेनिंग काल संपलं. आमचं वाचनालय आता पूर्वीचं राहणार नाही.
सर म्हणाले, एका लेखकाचं एकच मुख्य कार्ड. बाकी जितकी नावं असतील त्यांची छोटी कार्डं, 'पाहा: अमुक'. वाचक चुकीच्या ड्रॉवरशी आला तरी कार्डच त्याचा हात धरून बरोबर ड्रॉवरशी नेतं. किती माणुसकीची सिस्टिम. मला वर्गातच भरून आलं. शेजारच्या बाईंना वाटलं ऊन लागलं. त्यांनी कांदा दिला.

६ जून
कमिटीची मीटिंग. यमुताई आमच्या अध्यक्षा, रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, अजून हजेरी घेतल्यासारख्या बोलतात. ठराव असा की दोन वर्षांत एकही वाचक न मिळालेलं पुस्तक ऑगस्टमध्ये कुही गावच्या वाचनालयाला देऊन टाकायचं. कपाटं फुटायला आलीत. मी म्हटलं, अगदी योग्य. मग त्या म्हणाल्या, अरुंधतीबाई, तुमचं ते कथांचं पुस्तकही कोणी नेत नाही हो. ऑगस्टपर्यंत एक जरी वाचक मिळाला तरी राहील. नियम सर्वांना सारखा.
मी हसून सांगितलं की त्या पुस्तकात माझा काही जीव नाही.
घरी येऊन घासलेली भांडी पुन्हा घासली.

७ जून
शांतपणे विचार केला. दोष पुस्तकाचा नाही. कॅटलॉगचा आहे.
'मधल्या खोलीतलं ऊन' पहिल्यांदा छापलं तेव्हा मी तारा हरकरे होते. लग्नानंतर ह्यांच्या मित्राच्या प्रेसने पुन्हा छापलं, तोवर मी अरुंधती मुळमुळे झाले होते. कथा त्याच, स्वल्पविरामासकट. वाचनालयात दोन्ही प्रती आहेत. एकीचं कार्ड 'ह'मध्ये, दुसरीचं 'म'मध्ये. ही एकच बाई आहे हे तिथे कोणालाच ठाऊक नाही. माहेरचं नाव कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.
म्हणजे वाचक दोन जागी विभागले गेले! एका जागी आणले की झालं.
ह्यांना समजावलं. हे म्हणाले, शून्याचे दोन भाग केले होते, आता ते एकत्र करणार म्हणजे नेमकं काय करणार? अकाउंट्सच्या माणसाशी साहित्यावर बोलू नये.

१० जून
सगळा कॅटलॉग सुधारायचा संकल्प. सुरुवात कुठूनही करता आली असती, योगायोगाने 'ह'पासून केली.
मुख्य नाव अर्थातच मुळमुळे. सध्याचं, रेशनकार्डावरचं. दोन्ही जुनी कार्डं काढून माझ्या टेबलाच्या खणात ठेवली. 'ह'मध्ये नवीन घातलं: 'हरकरे, तारा – पाहा: मुळमुळे, अरुंधती'. अक्षर फार सुंदर आलं. मुख्य कार्ड, ज्यावर कपाटाचा नंबर असतो, उद्या निवांत लिहीन.

११ जून
मुख्य कार्ड लिहायला बसले. उठले. बसले. रुखमाबाई (कार्डावरचा नंबर सांगितला की कपाटातून पुस्तक काढून देतात) म्हणाल्या, "काहून उठबस करून राहिल्या बाई? खुर्चीले मुंग्या लागल्या काय?"
तसं नाही. मनात आलं, ह्या कथा लिहिल्या कोणी? ताराने. वडिलांच्या घरी, मधल्या खोलीत, दाराला पाठ लावून, म्हणजे कोणी एकदम आत येऊ नये. अरुंधतीने आजवर लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्या लिहिल्या. शिवाय ते नाव मी कुठे निवडलं? सासूबाईंनी निवडलं, ह्यांनी ताटातल्या तांदळांत बोटाने लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच तांदळांचा भात झाला. मीच वाढला.
तेव्हा मुख्य नाव तारा हरकरे. 'म'मध्ये कार्ड घातलं: 'मुळमुळे, अरुंधती – पाहा: हरकरे, तारा'.
मग 'ह'मधलं कालचं कार्ड काढायला गेले. पण अक्षर इतकं सुंदर. राहू दे. दोन्ही बाजूंनी सोय झाली. ट्रेनिंगमध्ये हे कोणालाच सुचलं नव्हतं. सरांना कळवायला हवं.

२० जून
मुख्य कार्ड राहिलंय. नाव एकदा पक्कं ठरलं की पाच मिनिटांचं काम.
सिस्टिम घरीही लागू केली. मिठाच्या डब्याच्या जागी चिठ्ठी, 'मीठ – पाहा: खालची फळी'. खालच्या फळीवर अजून मीठ हलवायचं होतं. हे आमटीसाठी मीठ शोधत स्वयंपाकघरात फिरले आणि शेवटी तसंच जेवले. सिस्टिम अंगवळणी पडतेय.

९ जुलै
सिंधूताई दर आठवड्याला येतात आणि जे हाताला लागेल ते वाचतात. त्यांना सहज सुचवलं की हल्ली कथा वाचाव्यात माणसाने. म्हणाल्या, "रडक्या नको वं माय, घरी काय कमी आहे?" रडक्या नाहीत, हळुवार आहेत, असं तोंडावर आलं होतं. पण लेखकाने स्वतःच्या पुस्तकाबद्दल बोलू नये. त्या विणकामाचं पुस्तक घेऊन गेल्या. त्यांना विणता येत नाही.

१८ जुलै
हे म्हणाले, मी नेतो तुझं पुस्तक माझ्या नावावर, प्रश्न मिटला. मी स्वच्छ नकार दिला. नवरा म्हणजे वाचक नव्हे. तत्त्वाचा प्रश्न आहे. रुसले नाहीत. सुटल्यासारखे दिसले.
झोप नीट नाही. हवेमुळे असावं.

२ ऑगस्ट
आज डोळ्यांचं पारणं फिटलं.
दुपारी एक अनोळखी बाई आल्या, ओली छत्री दाराशी उभी करून थेट कॅटलॉगशी. 'ह'चा ड्रॉवर अगदी खाली, उकिडवं बसावं लागतं. बसल्या. कार्ड वाचलं. उठून 'म'शी गेल्या. वाचलं. पुन्हा 'ह'शी बसल्या. पुन्हा 'म'. मी टेबलाशी श्वास रोखून बघत होते. माझ्या कार्डांचा इतका वापर! मदतीला उठावंसं वाटलं, पण सर म्हणाले होते, चांगल्या कॅटलॉगला ग्रंथपालाची गरज पडत नाही. बाई आणखी एकदा खाली बसल्या. काय ती एकाग्रता. शेवटी रुखमाबाईंशी काही बोलल्या, पुस्तक घेतलं आणि गेल्या.
मुद्दामच विचारलं नाही कोणतं नेलं. आनंद घाईने संपवू नये. येताना ह्यांच्यासाठी गरम समोसे आणले.

३ ऑगस्ट
रुखमाबाईंकडून कळलं.
त्या जयवंताबाई. मौद्याच्या शाळेत शिकवतात. शाळकरी मुलगी असताना तारा हरकरेंचं पुस्तक वाचलं होतं, एकदा पुन्हा वाचायचं म्हणून खास एस.टी.ने आल्या होत्या. जाताना म्हणाल्या, "हे कोणती बाई होय वं? माहेरी जा त सासरी धाडते, सासरी जा त माहेरी. इले कोणीच ठेवून घेत नाही काय?"
रुखमाबाई म्हणाल्या, "नंबरच नाही त मी पुस्तक देऊ कुठून? मी त्याईले म्हटलं, आमच्या बाई मोठं ट्रेनिंग करून आल्या, काही कारण असंन."
बसची वेळ झाली म्हणून जयवंताबाई 'सुलभ शेळीपालन' घेऊन गेल्या.
मुख्य कार्ड आत्ताच्या आत्ता लिहिते. लेखिकेचं नाव:

४ ऑगस्ट
उद्या.

१४ ऑगस्ट
कुहीचं खोकं भरलं. रुखमाबाई एकेक पुस्तक झटकून आत ठेवत होत्या. दोन्ही प्रती गेल्या. एक तळाशी, एक वर. यमुताईंनी वरची हातात घेतली, म्हणाल्या, ही कोण तारा हरकरे? नाव नाही ऐकलं. मी म्हटलं, जुन्या लेखिका आहेत. फारसं लिहिलं नाही त्यांनी. खोकं सुतळीने बांधताना गाठीवर बोट मीच धरलं.
मौद्याला स्वतः जाऊन जयवंताबाईंना भेटायचं ठरवलंय. पाऊस थांबला की.

१० सप्टेंबर
पाऊस थांबला. ऊन फार आहे.

१२ ऑक्टोबर
कुहीचं वाचनालय सांभाळणारे बळीराम आज आले. यमुताई समोरच बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून एक प्रत काढून माझ्या टेबलावर ठेवली. अरुंधती मुळमुळेची.
म्हणाले, "हे वापस घ्या जी. दोन्ही पुस्तकं एकच होत. अक्षर न् अक्षर. ताराबाईचं आधीचं छापलेलं, हे मागाहून. या अरुंधतीबाईनं त्यायचं चोरलं, गावात सारे हेच म्हणून राहिले. चोरीचं आम्ही ठेवत नाही."
रुखमाबाईंचं पुस्तकं झटकणं थांबलं. यमुताई 'अरुंधतीबाई?' एवढंच म्हणाल्या, अगदी वर्गातल्या आवाजात.
एका वाक्यात सांगता आलं असतं. मी ते वाक्य मनात जुळवत होते. नाव आधी घालावं की 'मीच' आधी.
तेवढ्यात बळीराम म्हणाले, "ताराबाईचं मात्र आमच्या बाया पाळीपाळीनं नेतात. जिले वाचता येत नाही तिले दुसरी वाचून दाखवते. धान कापाले वेळ आहे अजून, तोवर एवढं एक पुस्तक पुरत नाही म्हणतात. आणखी काही लिहिलं काय जी त्यायनं?"
मी म्हटलं, नाही. त्यांचं लग्न झालं.