पाठ केलेला मोर

१९ जून १९८८, रविवार

…आणि त्या सकाळीही मी अशीच पाणी भरत होते. नळ सहाला येतो, साडेसहाला जातो. हंडे भरले, ओटा पुसला, भाकरी टाकली. हे दारात बसून ब्रश धूत होते. म्हणाले, दोरीकडे बघ, जड लुगडी सगळी एका टोकाला. चित्रातही असाच तोल जातो. मी म्हटलं, तोल राहू द्या, खिळा ठोका. त्यांनी ठोकला. पुढच्या फाल्गुनात गेले. दोन वर्षं झाली.

आठवायचं कारण, यांचा ड्रॉइंगचा क्लास आजपासून मी चालू केला. शाळेची मागची खोली रविवारी मिळाली. हेडमास्तर रतिलाल सर म्हणाले, वहिनी, तुम्ही चित्रं काढता? म्हटलं, काढत नाही, पण वाचली आहेत. अमळनेरच्या वाचनालयातली चित्रकलेची तिन्ही पुस्तकं दोनदा. यांची वही तर पाठ आहे. ते म्हणाले, बघा. यंदा एलिमेंटरी ड्रॉइंग परीक्षेचा निकाल बरा लागला तर क्लास मास्तरांच्या नावाने राहील. नाही तर खोली टायपिंगवाल्यांना देतो.

मुली नऊ. नऊच्या नऊ ए ग्रेडमध्ये आणायच्या. फार अवघड दिसत नाही.

३ जुलै

दृश्यभाषा समजावली. रेषा, आकार, रंग ही अक्षरं. समतोल, लय, विरोध, प्रमाण, ऐक्य हे व्याकरण. मुलींनी तोंडं उघडी ठेवून ऐकलं. विचार केला, भाषा म्हटली की पाठांतर आलंच. आम्ही कविता अशाच शिकलो. म्हणून पाच तत्त्वं एका सुरात म्हणून घेतली. वीस वेळा. खोली दणाणली. शिपाई बघून गेला, पाढे चाललेत का म्हणाला. अडाणी माणूस.

२४ जुलै

गेल्या रविवारी संकल्पचित्राला, म्हणजे डिझाइनला, हात घातला. यांच्या वहीत वर्तुळातला मोर आहे, त्यात पाचही तत्त्वं आहेत, खाली त्यांनी तसं लिहिलंय. मी फळ्यावर काढायला गेले. मोर कोंबडीवर गेला. मग वहीच फिरवली. पिसारा अकरा पिसांचा, मानेला निळा, पोटाला हिरवा, बाकी पिवळा. रोज पाच मोर घरून काढून आणायचे.

शेजारच्या लताबाईंची कमल सोडून सगळ्यांनी आज आणले. कमलने कोपऱ्यात मोठी म्हैस काढली होती, आणि पार दुसऱ्या टोकाला एकच बगळा. मधला कागद रिकामा. विचारलं, मध्ये काय? म्हणाली, मध्ये काही नको ना बाई, बगळा लांब गेलाय. म्हटलं, कागद वाया घालवू नये. खोडून मोर काढायला लावला. हुशार आहे, पण शिस्त नाही.

२१ ऑगस्ट

प्रगती फार चांगली. कमलसुद्धा आता सात मिनिटांत मोर काढते. भिंतीवर नऊ मोर लावले, कुणाचा कुठला ओळखू येत नाही, इतका एकसारखा दर्जा. लताबाई डबा द्यायला आल्या. बघून म्हणाल्या, अक्का, बठ्ठा मोर एकच शे का वं? म्हटलं, यालाच ऐक्य म्हणतात. त्या म्हणाल्या, मंग एकच पोर बठाडनी होती परीक्षाले, आठ जणींची फी वाचली असती. हसत गेल्या. त्यांना चित्रातलं काय कळतं. कमलची आई आहेत म्हणून बोलले नाही.

१८ सप्टेंबर

परीक्षा अकरा दिवसांवर. यांच्या फोटोला सांगितलं, काळजी करू नका. फोटोचा हार जरा डावीकडे झुकलाय. सरळ करायला नको, त्यात लय वाटते. खरं तर स्टूल आणायचा कंटाळा.

२९ सप्टेंबर, दुपार

मुली पेपर देऊन आल्या. प्रश्न होता : चौकोनात मासे घेऊन संकल्पचित्र करा. विचारलं, मग? सगळ्या एकदम म्हणाल्या, मोर काढला बाई. वर्तुळ? हो बाई, चौकोनाच्या आत वर्तुळ घातलं, त्यात मोर. अकरा पिसं. मंदाने तेवढा पायाशी छोटा मासा ठेवला. सुपरवायझर दोनदा फिरून सगळ्यांचे कागद बघून गेले, एकमेकींचं बघता का म्हणून ओरडले. मंदा म्हणाली, आम्ही मानसुद्धा वळवली नाही.

तपासणारे जाणकार असतात. माशापेक्षा तत्त्वं बघतील.

९ जानेवारी १९८९

निकाल लागला. आठ नापास. मंदाला सी, तो बहुधा माशामुळे. रतिलाल सरांनी चहा मागवला. ते चहा मागवतात तेव्हा काही उरलेलं नसतं. शेवटी म्हणाले, वहिनी, मास्तर मुलांना बाजारात नेऊन बसवायचे, दिसेल ते काढा म्हणायचे. वही कधी उघडायचे नाहीत. मला हे माहीत नव्हतं. रविवारी मी घरी स्वयंपाकात असायचे. यांनी कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही.

१० जानेवारी

कमलला घरी बोलावलं. कोरा कागद दिला. म्हटलं, तुला हवं ते काढ. पुष्कळ वेळ बसली. पेन्सिल तोंडात. मग वर्तुळ काढलं. म्हटलं, मोर नको गं. ती रडकुंडीला आली. म्हणाली, बाई, दुसरं काही येत नाही. लताबाई दारात उभ्या होत्या. हसल्या नाहीत.

११ जानेवारी

सकाळी शाळेची मागची खोली झाडली. भिंतीवरचे कागद काढले, चिकटवलेलं ओल्या फडक्याने पुसलं. अकराला टायपिंगवाल्यांची सहा मशिनं हातगाडीवरून आली. ती उतरवायला हात लावला आणि घरी आले.