आईचा पैलवान

मस्कत, मार्च १९९६

मंजू, तुझ्या नामादादाचा आशीर्वाद.

बाळकुमला सगळी बरी ना? मी मस्त. वजनपण वाढलंय. फक्त खोलीत गाणी लावू देत नाहीत, म्हणून आमच्या रॉक बँडची कॅसेट कपाटात डोकं घालून ऐकतो. माझी गिटार शेजारच्या दौलतला देऊ नकोस, तारा तोडेल.

टीव्हीवरच्या त्या लांब केसांच्या पैलवानाने मोठी कुस्ती जिंकावी म्हणून आई गावदेवीला नवस बोललीय, हे तुझ्या पत्रात वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. ती कुस्ती इथे आधीच दाखवली गं. तो हरला. तुमच्या केबलवर येईल तेव्हा आईजवळ बस. नारळ तरीही वाढवा, तो स्वतःच्या पायांनी चालत गेला.

टीव्हीवरच्या कुस्तीचा निकाल आधीच ठरवलेला असतो, हे तिला सांगू नकोस. मी मजेत आहे, एवढंच सांग.

तुझा,
नामादादा