बोर म्हणजे आहे

मार्गिलान
मार्चची बारा तारीख, रविवार

माझ्या डोळ्यांच्या उजेडाला, माझ्या नातीला, सनोबरला,

तुझ्या बुवीजानचा सलाम आणि ओंजळभर दुवा. आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझी खुशाली अल्लाकडे मागतो. तुझे वडील बरे, तुझी आई बरी. माझा गुडघा तेवढा बरा नाही, पण तो त्र्याऐंशी वर्षांचा आहे, त्याला किती बोलायचं. गाय व्यायली, कालवड झाली, कपाळावर पांढरा चांद घेऊन आलीये. जर्दाळू फुलला आणि दुसऱ्याच दिवशी गारठा पडला, म्हणजे यंदाही जर्दाळू शेजारणीकडून मागायचे आणि तिच्या सुनेच्या तक्रारी ऐकायच्या.

मी जुन्या, रशियन वळणाच्या अक्षरांत लिहितेय. तुमची नवी अक्षरं दुकानाच्या पाटीवर दिसली की मी दुसरं दुकान शोधते. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं कापसाने आणि रेशमाच्या किड्यांनी शिकवलं, तेव्हा चुका मोजू नकोस. फोनवर का बोलत नाही म्हणशील. फोनवर तुझी आई खांद्याला खांदा लावून उभी असते, तिच्यामागे तुझे वडील, त्यांच्यामागे चहाला आलेला अर्धा मोहल्ला. सगळे विचारतात जेवलीस का, तू म्हणतेस जेवले, आणि संपलं बोलणं. काही गोष्टी कागदालाच सांगाव्यात, त्याला मध्येच बोलता येत नाही.

आधी तुझ्या पत्राचं. माझ्यासाठी तू जुनी अक्षरं गिरवलीस, तुझ्या हाताला फुलं लागोत. ती 'बोर'ची गोष्ट वाचून मी इतकी हसले की तुझी आई पीठ मळायचं सोडून बाहेर आली. तू बुडापेस्टात उतरलीस आणि चार दुकानांआड एका दारावर हे मोठं 'बोर' लिहिलेलं. तुला वाटलं, किती भले लोक, काय हवं ते विचारायच्या आधीच आपल्या बोलीत सांगतात की आहे. आणि आत जाऊन बघतेस तर बाटल्याच बाटल्या. द्राक्षाच्या दारूलाच तिकडे बोर म्हणतात. तुझ्या वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे आई. त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे नाही."

तुमच्या वसतिगृहातल्या पोरींना तू एकेकीला धरून विचारलंस, हेही बरं केलंस. सर्बियाच्या मुलीकडे बोर म्हणजे सूचिपर्णी झाड, म्हणजे तुझंच नाव की गं, सनोबर दुसरं काय असतं. कझाक मुलीकडे खडू. आणि ती हिंदुस्तानातली, जिच्या गावात बोर हे आंबटगोड फळ, मीठ लावून खातात आणि बी लांब थुंकतात, ती मला फार आवडली. तिला एकदा घेऊन ये. तिला सांग, आमच्या बुवीलाही एक बोर ठाऊक आहे, ती दातांच्या दवाखान्यातल्या रशियन बाईच्या हातातली, दात कोरणारी, घर्र करणारी. त्या एका बोरीने मला महिनाभर पातळ शोरब्यावर ठेवलं होतं.

आणि ती स्वीडनची उंच मुलगी. तिच्या भाषेत बोर म्हणजे राहतो. अमका माणूस अमक्या ठिकाणी राहतो, त्यातलं राहतो. तू हे एका ओळीत लिहिलंस आणि पुढे गेलीस. मी नाही गेले. त्या ओळीवर बोट ठेवून बसले, चहा गार होऊन त्यावर साय आली.

तुझ्या काकाचं नाव तुर्गुन का ठेवलं ते तुला माहीत आहे. त्याच्या आधीची दोन पाळण्यातच गेली, म्हणून हा तुर्गुन, राहणारा.

आता मूळ गोष्ट. मी तिच्याभोवती किती फिरते बघ, घाण्याचं गाढव बरं. पत्राच्या शेवटी तू विचारलंस, काकाची नान बरी आहे ना. हेच तू डिसेंबरात फोनवर विचारलंस, माझ्या वाढदिवसालाही विचारलंस. भिंतीवर तिच्याच शेजारी तुझीही नान टांगलेली आहे, तू जाताना चावलेली. तिच्याबद्दल एकदाही नाही. आणि त्याच्याच खालच्या ओळीत, नवरोजला येत नाही, उन्हाळ्यातही येत नाही, ग्रंथालयात काम मिळालंय. तुझ्या आईने ते वाचून भांडी जोरजोरात घासली. ग्रंथालयाचा यात काही दोष नाही हे मला तेव्हा कळलं नव्हतं. परवा कळलं. ते सांगते, पण आधी मला माझं सांगू दे.

तू लहानपणी मला चिडवायचीस, "बुवीजान, बकरीला बोर म्हण ना, एकदाच म्हण ना." याच शब्दाने आपण माणसाला जा म्हणतो, आणि मी तो शब्द बकरीलासुद्धा म्हणत नाही. चल म्हणते, हट म्हणते, ये लवकर म्हणते. सगळ्यांना वाटतं म्हातारीची लहर. ती लहर नाही.

तो ऑक्टोबर होता, बेचाळीस वर्षं झाली. रशियन फौजेत भरती झालेल्या पोरांची बस आठला सुटायची. तुर्गुनने नान चावली, तुझ्या आजोबांनी ती खिळ्याला टांगली, परत आल्यावर उरलेली त्यानेच खायची, जशी सगळ्यांच्या घरची रीत. गेला दारापर्यंत, परत आला. म्हणे टोपी राहिली. पुन्हा गेला, पुन्हा आला, पाणी प्यायचंय. तिसऱ्यांदा आला तो नुसताच अंगणात उभा राहिला. मी कोपरापर्यंत पिठात, तंदूर तापून लाल झालेला. म्हटलं, "अरे बस जाईल. बोर, बोर आता."

"हाकलतेस होय गं आई?"

"हो, हाकलते. दोन वर्षांनी ये आणि हवा तेवढा उभा राहा."

हसत गेला. पुढचा एक दात त्याचा अर्धा तुटलेला होता, तुतीवरून पडला तेव्हाचा. हसला की तो तुटका दात आधी दिसायचा.

दीड वर्षाने अफगाणिस्तानातून कागद आला, कुठेही आढळून आला नाही. मेला असं नाही, आहे असं नाही. आजोबांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "आढळला नाही म्हणजे यांनी नीट शोधला नाही." तेव्हापासून कोणी विचारलं मुलगे किती, तर आम्ही म्हणायचो दोन. दोघे आहेत? बोर. आहेत. खानेसुमारीची बाई आली तिलाही तेच सांगितलं, तिने लिहून घेतलं. नान भिंतीवर होती ना. नान आहे तोवर माणूस वाटेवर आहे, असंच आपल्यात मानतात.

मग छत गळलं त्या वर्षी, तुझे वडील तेव्हा शाळेत होते, नान भिजली आणि हिरवी पडली. आजोबा बाजाराला गेले होते. मी ती खाली काढली. म्हटलं आता नवी लावू, तीच खूण, मधला नक्षीचा तोच ठसा, तेवढेच तीळ, मी चावीन, तो अर्ध्या दाताचा उंचवटा तेवढा ठेवीन, कोणाला कळणार नाही. म्हणून जुनीचा चावा नीट बघायला उजेडात नेली. तर सनोबर, त्या चाव्यात अर्धा दात नव्हताच. रुंद चावा होता, डाव्या बाजूला दोन दातांची मोकळी जागा. तशी मोकळी जागा या घरात एकाच माणसाच्या तोंडात होती, तुझ्या आजोबांच्या.

मग मला आठवलं. त्याच्या तीन वर्षं आधी मी रिश्तोनला बहिणीकडे मयतीला गेले होते. परत आले तर तंदूर कोमट आणि तुझ्या आजोबांची उजवी भुवई अर्धी जळालेली.

"हे काय?"

"तंदुरात मांजर पडलं होतं. काढलं."

आपल्याकडे मांजर नव्हतं. पण भुवई जळालेल्या माणसाशी किती वाद घालायचा, मी सोडून दिलं. जन्मात ज्याने पिठाला हात लावला नाही त्या माणसाने एकट्याने नान लावली होती गं.

मी माझी नान लावली, चावली, टांगली. माझं तोंड लहान, चावाही लहान. दुसऱ्या दिवशी चहा पिताना आजोबा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

"तुर्गुनची नान बरी दिसतेय," म्हणाले.

"बरी दिसणारच," मी म्हटलं. "कोणाची आहे."

एवढंच. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं आम्ही अंगणातल्या एकाच ओट्याच्या दोन बाजूंना बसून जेवलो आणि त्याबद्दल शब्द काढला नाही. ते गेल्यावर चाळिसाव्याला मी त्यांचे कपडे वाटायला काढले, तर पेटीच्या तळाशी त्यांचं कमरेचं फडकं, चार गाठी मारलेलं. आत काहीतरी कडक, अक्रोडाएवढं, आणि चुरा. नानचा कण आपण फेकत नाही, त्यांनीही फेकला नव्हता. ते फडकं माझ्या उशाखाली आहे. गाठी मी सोडल्या नाहीत. अंगठ्याने चाचपते. एका बाजूला एक बारीक उंचवटा लागतो.

आता परवाचं. नवरोज आला, पाठोपाठ रोजे, म्हणून मी भिंती झाडायला काढल्या. गुडघा ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. दोन्ही नान उतरवल्या, तुझी आणि काकाची, मांडीवर घेऊन फुंकर घालत होते. तुझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. तू चावलंस की मधोमध एक बारीक भिंत उभी राहते, खरबुजाच्या फोडीलाही राहायची, मी हसायचे. तुझ्या नानला ती भिंत आहे.

काकाच्या नानलाही आहे.

तुझी आई म्हणाली, "आई, काय झालं?" म्हटलं, धूळ गेली डोळ्यात. ती म्हणाली, "एवढी धूळ?"

मग सगळं जुळलं. ऑगस्टात, निघायच्या आठवड्यात, कोणी न सांगता तू एकटीने खोलीला चुना लावलास. त्याच संध्याकाळी तंदुराशी बसलीस, म्हणालीस, "तिकडे कोण देणार, लावायला शिकते." बारा गोळे केलेस, अकरा नान ताटात आल्या. मी विचारलं बारावी कुठे, तर म्हणालीस राखेत पडली. तुझ्या भुवया शाबूत होत्या, म्हणून मला संशय आला नाही.

चुन्यासाठी उतरवताना काकाची नान पडली असेल हातून. जुनी नान, काचेसारखी फुटते. आणि तू तुकडे गोळा करताना काय मनात आलं असेल तेही मला कळतं. की काकाला घरी आणणारा दोरा माझ्या हातून तुटला. आणि आता तिकडे बसून त्या भिंतीला भितेस, मला तोंड कसं दाखवू म्हणून ग्रंथालयात पुस्तकं लावतेस.

वेडे, या घरात तो दोरा तिघांनी तोडला आणि तिघांनी गुपचूप बांधला. त्यात तू सगळ्यात चांगला बांधलास, ठसा बरोबर मधोमध आलाय. आजोबांचा तर एका कडेला गेला होता.

ते तुकडे तू कुठे ठेवलेस ते मी विचारणार नाही. फेकले नसशील, मला माहीत आहे. बहुतेक तुझ्या पेटीत तळाशी बुडापेस्टाला गेले असतील. गेले असतील तर परत आण. त्यांना इथली सवय आहे.

मी रागावले नाही गं. खरं सांगू, मला फार आनंद झालाय, इतका की रोजे लागायच्या आत कोणाला तरी सांगावं म्हणून हे लिहितेय. इतकी वर्षं मला वाटायचं की मी एकटीच या घरात खोटं टांगून बसलेय. आधी कळलं दोघं आहोत. आता कळलं तिघं.

एक गोष्ट मात्र तुझ्या आईला सांगू नकोस. पहाटे नान लावताना माझं डोकं तंदुरात असतं, तेव्हा मागे अंगणात कोणीतरी येऊन उभं राहतं. काहीतरी विसरलेलं न्यायला आल्यासारखं. पाण्याच्या घागरीवरची वाटी हलल्याचा आवाज येतो. मी वळत नाही. वळले तर नसेल. पाठमोरीच म्हणते, उभा राहा बाळा, हवा तेवढा उभा राहा. आणि पुढची नान चिकटवते. त्या तुझ्या स्वीडनच्या मुलीला सांग, तिच्या बोलीतला शब्द म्हातारीला पटला. तुर्गुन राहतो. कुठे ते मला तिच्या बोलीत सांगता येत नाही.

पण तू राहू नकोस तशी. तू ये. उन्हाळ्यात ये, खरबुजं लागतील तेव्हा. तुझी नान दगड झाली असेल, आपण ती चहात भिजवू, वर साय टाकू, तू बसून शेवटच्या कणापर्यंत खा. या भिंतीवरून एक तरी नान माणसाच्या तोंडात गेलेली मला बघायची आहे. मग तुला परत त्या दारूच्या पाट्यांच्या गावात जायचं असेल, स्वीडनला जायचं असेल, त्या बोरं खाणाऱ्या मुलीच्या गावाला जायचं असेल, तर मी गुडघा धरून दारापर्यंत येईन. आणि तुला म्हणेन तो शब्द, बेचाळीस वर्षं जो बकरीलाही म्हटला नाही. हाकलायला नाही म्हणणार. नीट म्हणेन, तुझ्याकडे बघून.

पोस्टातली बाई म्हणेल, आजी, आजकाल पत्रं कोण लिहितं. तिला मी काहीतरी सांगेन. तिकडे थंडी असेल तर पायात लोकरी मोजे घाल, मी दिलेले, ते तपकिरी आहेत म्हणून पेटीत ठेवू नकोस.

फोन लागला की तू आधी विचारतेस, बुवीजान आहे का.

तुझी बुवी होजार.
बोर.