शिंगरू घरी होतं

आये, तू गेलीस त्याला माझं अर्धं आयुष्य लोटलं. तुला वाचता येत नव्हतं, आणि आता येत असतं तरी हे कुठं धाडणार? तरी लिहितेय. घोडीबद्दल आपण घरात पुन्हा कधी बोललोच नाही.

लढाईचे दिवस होते. आबा वारले होते. विंझरच्या वर डोंगरात आपलं खोपटं, चार शेळ्या आणि ती भुरी घोडी. नाचणी संपली, म्हणून वाळलेला हिरडा कापूरहोळच्या व्यापाऱ्याला घालायचं तू ठरवलंस. घोडीची पाठ लागली होती. खोगिराखाली तळव्याएवढी जखम. तू तिच्यात हळद-तेल भरलंस, वाकळ दुमडून जखमेपुरतं भोक पाडलंस, आणि एक पोतं स्वतःच्या डोक्यावर घेतलंस. शिंगरू एरवी आईच्या मागंमागंच यायचं. त्या दिवशी त्याच्या खुरात काटा मोडलेला, म्हणून ते चुलतीकडे बांधलं. "उद्या येतो आमी," असं तू त्याला सांगितलंस, माणसाला सांगावं तसं.

कापूरहोळच्या नाक्यावर बिल्ला लावलेला एक माणूस उभा आहे, शेजारी पोलीस शिपाई. मुक्या जनावरांचा छळ थांबवायला पुण्याहून नेमलेला. तो आधी घोडीला बादलीभर पाणी दाखवतो, मग वाकळ उचलतो. जखमेवर माश्या बसतात. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. त्याला खरोखरच कसंतरी झालं होतं.

"बाई, तुम्हाला काही दयामाया आहे की नाही?"

"हाय की. म्हणून तर भोक पाडलंय."

शिपाई हसला. तो माणूस हसला नाही. "जनावर पुण्याला दवाखान्यात जाईल. बरं झालं की न्या."

तू त्याचे पाय धरलेस. "सायेब, घरी शिंगरू हाय. दुधावरचं हाय. वझं हितंच टाकते, मोकळी नेते तिला."

"सगळे असंच म्हणतात. पुढच्या वळणावर पुन्हा लादतात."

त्याचंही खोटं नव्हतं. तसे लादणारे मी पाहिलेत. पण तू त्यांच्यातली नव्हतीस, आणि हे त्याला कसं पटवायचं ते तुलाही कळलं नाही, मलाही नाही. शेवटी तू उठलीस आणि दावं धरलेल्या शिपायाला म्हणालीस, "डाव्या अंगानं जाऊ नगा, बिचकती ती."

शिंगराला तू चिंधी भिजवून शेळीचं दूध पाजत होतीस. ते दोन घोट घ्यायचं, मान फिरवायचं आणि खालच्या पायवाटेकडे तोंड करून उभं राहायचं. मग त्याला हगवण लागली. एका सकाळी ते उठलं नाही. तू एकटीनंच खड्डा खणलास, मला कुदळीला हात लावू दिला नाहीस.

पुढं घोडी न्यायला या, असा निरोप आला. कात्रजचा घाट ओलांडून आपण चालत गेलो. घोडी अंगानं भरली होती. जखमेच्या जागी पांढरे केस आले होते. तो माणूस मुद्दाम बाहेर आला आणि आनंदानं म्हणाला, "बघा, कशी झालीय!" तू हात जोडलेस. "व्हय सायेब, पाठ बरी झाली." एवढंच. परतताना मी विचारलं, शिंगराचं का नाही सांगितलंस? तू म्हणालीस, "त्यानं बी जीव लावलाय तिला. काय सांगू त्याला?"

आपला चढ लागला आणि घोडी खिंकाळली. तुझ्या हातातलं दावं सुटलं. आपण वर पोचलो तेव्हा तिनं गोठ्याचे कोपरे हुंगून संपवले होते आणि ती चुलतीच्या दाराशी उभी राहून हाका मारत होती. तू खाली बसलीस आणि पदर तोंडात कोंबलास.

त्यानंतर तू तिच्यावर कधी वझं घातलं नाहीस. मरेपर्यंत हिरडा डोक्यावरून वाहिलास. तुझी मान कायमची एका अंगाला गेली. घोडी तुझ्या आधी गेली, म्हातारी होऊन.

माझ्या घरामागं आता मोकळी जागा आहे, गवत वाढतं. एखादी शेळी पाळा, असं शेजारीण म्हणते. जागा पुरत नाही, असं मी सांगते. आये, जागा पुष्कळ आहे.