बाबांना ऐकू येणारा कीबोर्ड

चिमे, ये, जरा टेक इथे आणि एक गोष्ट ऐक.

एका घरात दोघी बहिणी होत्या आणि दृष्टी गेलेले त्यांचे बाबा. बाबा आठवणी सांगायचे, थोरली लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. लॅपटॉपच्या कळा मऊ, आवाजच नाही. त्यामुळे बाबा दर दोन वाक्यांनी विचारायचे, "लिहितेस ना गं? की लागली डुलकी?" मग धाकटी राहायला आली ती लॅपटॉपला जोडायचा वेगळा, खडखडणारा कीबोर्ड घेऊन. बाबा खूश! "हिचं लिहिणं कसं कानाला कळतं," म्हणाले, आणि थोरलीला हाक मारायचंच विसरले. देवाचं नाव घेऊनसुद्धा थोरलीची जळजळ काही थांबेना.

आज ती कीर्तनाला गेलीय आणि तुझा कीबोर्ड तिच्या पिशवीत आहे. घरभर शोधू नकोस. बाबांचं आजचं सांगणं लॅपटॉपच्याच कळांवर घे. ते अस्वस्थ झाले तर चिडू नकोस. डाव्या हाताने त्यांचा हात धर आणि उजव्या हाताने टाइप कर, म्हणजे त्यांना धीर येतो. एका हाताने वेळ लागतो, पण जमतं गं. बोटं दुखायला लागली की थोरलीची आठवण काढ.

– ताई